अर्ध्या शक्तीचा हिशेब

दसरा झाला की पहिल्या रविवारी आमच्या घरच्या गाद्या गच्चीवर जातात. चार महिने ओल धरून बसलेला कापूस ऑक्टोबरच्या उन्हात पडला की संध्याकाळपर्यंत फुगून येतो, आणि त्या रात्री अंथरुणाला उन्हाचा वास असतो. पुण्यातल्या जुन्या घरांत हे काम कुणी कुणाला शिकवत नाही, दिवस आले की हात आपोआप गाद्यांकडे जातात. मला मात्र याच दिवसांत शिंका सुरू होतात. या वेळी तिसरी गादी कठड्यावर टाकून काठीनं बडवताना लागोपाठ अकरा शिंका आल्या, आणि त्या शिंकांवरून आत्या आणि दादा यांची जुंपली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय 74. शाळेतली नोकरी संपली, पण सकाळचा योगवर्ग 38 वर्षं चालूच आहे. दादा माझा थोरला भाऊ, छातीच्या विकारांचा डॉक्टर. दोघं एकमेकांना फार मानतात, एकमेकांच्या शास्त्राला मात्र मानत नाहीत. त्या दिवशी पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून जे बोलणं झालं, ते जमेल तसं टिपून ठेवलं.

आत्या : किती वेळा सांगितलं हिला, ऋतू पालटायच्या आधीपासून जलनेती सुरू कर म्हणून. पावसाळ्यात साठलेलं पित्त आता उसळणारच. शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणायचे ते उगीच नाही. पोराबाळांसारखी तीच त्यांना पोसते.

दादा : पेशंट वाढतात हे खरंय, आत्या. माझ्या ओपीडीतही या दिवसांत बसायला जागा नसते. पण हिला पित्त झालेलं नाही, ॲलर्जी आहे. दमट गाद्यांत चार महिने बुरशी आणि माइट पोसल्या, आणि ही त्याच गाद्या बडवतेय. ए, तू आधी ती काठी ठेव आणि वाऱ्याच्या उलट बाजूला बस.

आत्या : गाद्या उन्हात घालायची पद्धत तुमच्या मेडिकल कॉलेजानं काढली का रे?

दादा : पद्धत उत्तमच आहे. माइटना जगायला ओलावा लागतो, ऊन तो काढून घेतं. माझं म्हणणं एवढंच, की पद्धत बरोबर निघाली म्हणून तिच्यामागं सांगितलेलं कारण बरोबर ठरत नाही.

आत्या : आणि कारण चुकलं म्हणून पद्धत टाकून द्यायची?

दादा : पद्धत ठेव. पण कारण चुकीचं धरलं की माणूस पुढचं पाऊल चुकीचं टाकतो. मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. दमा जुना. मोबाइलवर कुठंतरी 'शरद ऋतूसाठी पाच क्रिया' पाहिल्या, रोज पहाटे कपालभाती सुरू केली, आणि 'आता आतून शुद्धी होतेय' म्हणून पंप बंद केला. दहाव्या रात्री धाप लागून दवाखान्यात.

आत्या : अरे, माझ्या वर्गात पंप पिशवीत असल्याशिवाय दमेकऱ्याला सतरंजीवर बसू देत नाही मी. हे कुणी सांगितलं त्याला?

दादा : कुणी सांगितलं नाही, हीच तर अडचण आहे. त्यानं स्वतःच ठरवलं. दम्यावर योगाचा उपयोग होत नाही असं मी म्हणत नाही. कोक्रेन नावाची संस्था जगभरचे अभ्यास गोळा करून तपासते. 2016 साली त्यांनी दमा आणि योग यांवरचे अभ्यास पाहिले. लक्षणांत आणि रोजच्या जगण्यात थोडी सुधारणा बहुधा होते, असा निष्कर्ष निघाला. थोडी, आणि बहुधा. आणि औषधं चालू ठेवून. या तीन शब्दांचं मोल त्या व्हिडिओवाल्याला नसतं.

आत्या क्षणभर गप्प राहिली. मग तिनं पदराला हात पुसले आणि मला वाटलं त्याच्या उलट दिशेनं सुरुवात केली.

आत्या : 'या ऋतूची पाच आसनं' असली यादी मलाही मान्य नाही. पतंजलीच्या योगसूत्रांत आसनांवर तीन सूत्रं आहेत, तीनच. त्यांत एकाही आसनाचं नाव नाही. स्थिर आणि सुखानं बसता यावं, एवढीच अपेक्षा. मग शरदाचं आसन वेगळं आणि हेमंताचं वेगळं, हे कुठून आणलं लोकांनी?

दादा : मग ऋतू मध्ये कुठं आला? तुझा मुद्दाच संपला.

आत्या : थांब. घेरंडसंहितेत ऋतू आहे, पण वेगळ्या जागी. योगाभ्यास सुरू कधी करावा, तर वसंतात किंवा शरदात. हेमंत, शिशिर, ग्रीष्म, वर्षा यांत आरंभ करू नये. न मानणाऱ्याला रोग होतो, असंही बजावलंय.

दादा : म्हणजे 21 जूनला सगळं जग जे सुरू करतं ते घेरंडमुनींच्या हिशेबानं अवेळी!

आत्या : अगदी. संयुक्त राष्ट्रांनी 2014 च्या डिसेंबरात ठराव केला, 2015 पासून दरवर्षी तो योग दिवस होतो. चांगलंच आहे. पण माझ्या वर्गात जूनमध्ये साठ सतरंज्या पसरतात आणि ऑगस्टमध्ये बावीस उरतात. पावसात अंग जड, कपडे वाळत नाहीत, सर्दी-पडसं, मुलांच्या शाळा. दसऱ्याला सुरू करणारे मात्र संक्रांतीपर्यंत टिकतात. हे पित्तानं होतं की कशानं, तू ठरव. मी 38 वर्षं सतरंज्या मोजतेय.

दादा : ही निरीक्षणाची भाषा झाली, ही मला चालते. सतरंज्या मोज, नोंद ठेव. नुसतं 'ग्रंथात आहे' म्हणू नकोस.

आत्या : मोजायचं तू मला शिकवतोस? लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली 'योगमीमांसा' काढलं. आपल्यातलाच माणूस, गुण्यांचा जगन्नाथ. नौली करताना पोटात किती निर्वात होतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, क्ष-किरणांनी आतडी पाहिली. शंभर वर्षं झाली. योगवाल्यांनी मोजायचं सोडलं आणि डॉक्टरांनी शिकायचं सोडलं, तिथं सगळं बिनसलं.

दादाकडे यावर उत्तर नव्हतं. खालून चहा आला. तो पिता पिता त्यानं नेतीचा विषय पुन्हा काढला.

दादा : नेतीबद्दल बोलायचं तर मिठाच्या पाण्यानं नाक धुवायला आम्हीही सांगतो. ॲलर्जीच्या सर्दीत बरं वाटतं. पण हिला पाणी कसलं घ्यायचं ते सांगितलंस का?

आत्या : उकळून गार केलेलं. कोमट. लिटरला साधारण नऊ ग्रॅम मीठ. डोळ्यांतल्या आसवाइतकं खारट लागलं पाहिजे.

दादा : आणि नळाचं थेट नाही, हे सगळ्यांत आधी सांगायचं. अमेरिकेत लुइझियाना राज्यात 2011 साली नेतीच्या भांड्यात नळाचं पाणी वापरणारी दोन माणसं मेली. पाण्यातला अमीबा नाकातून मेंदूत गेला. फार क्वचित होतं, पण पाणी उकळायला जातात दहा मिनिटं. शिवाय नेती झाल्यावर पुढं वाकून नाक नीट कोरडं करायचं. कान दुखत असेल, नाक पूर्ण बंद असेल, तर त्या दिवशी नेती नाही.

आत्या : हे सगळं मी शिकवते. पण मान्य करते, व्हॉट्सॲपवर पुढं पाठवताना यातलं निम्मं गळतं. आता शीतलीबद्दल तुझं काय म्हणणं? जिभेची नळी करून श्वास आत, नाकानं बाहेर. हठप्रदीपिकेत आठ कुंभक सांगितलेत, त्यांतला एक. ऑक्टोबरच्या दुपारी दहा वेळा केलं तरी टाळू गार पडते.

दादा : गार पडणारच. ओल्या जिभेवरून हवा गेली की पाणी उडतं, माठासारखं. पण त्या वेळी नाक वगळलं जातं, आणि नाक ही आपली गाळणी. मोकळ्या हवेत कर, हरकत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या धुरात किंवा रस्त्याकडेच्या बाल्कनीत शीतली करणं म्हणजे गाळणी काढून पाणी पिण्यासारखं. हिच्यासारख्यांनी तर नकोच.

आत्या : मग हिला काय देशील?

दादा : औषध तर देईनच. त्याच्या जोडीला तुझी भ्रामरी. दचकू नकोस. भ्रामरीत गुणगुणताना नाकातल्या पोकळ्यांतली हवा हलते आणि नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू बाहेर येतो. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी मोजलं, नुसत्या श्वासापेक्षा गुणगुणताना तो सुमारे 15 पट होता. त्यानं सर्दी बरी होते असं सिद्ध झालेलं नाही, पण त्रास काही नाही आणि श्वास सोडणं लांबतं, ते चांगलं. श्वास सावकाश आणि सोडणं लांब असलं की हृदयाची गती जरा उतरते, हे तर कुणीही मनगट धरून पाहावं.

मी मनगट धरून पाहिलं. शिंका थांबल्या होत्या, पण ते वाऱ्याच्या उलट बाजूला बसल्यामुळं की भ्रामरीच्या नुसत्या चर्चेनं, ते कळलं नाही.

ऊन आता टाकीच्या पलीकडे सरकलं. आम्ही गाद्यांची बाजू पालटली. आत्या वाकून उशा उलटत होती आणि दादा तिला 'कंबर सांभाळ' म्हणत होता. खाली बसल्यावर मूळ मुद्दा आला.

आत्या : तू कारण-कारण करतोस म्हणून सांगते. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्येचा एक अध्याय आहे. त्याचा शेवट मला सगळ्यांत आवडतो. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्याचे पहिले सात, मिळून ऋतुसंधी. या चौदा दिवसांत जुनी चर्या हळूहळू सोडायची, नवी हळूहळू धरायची. एकदम केलं तर ते अंगाला मानवत नाही, त्यातूनच आजार. लोक विचारतात, शरदात काय करू? मी म्हणते, करू नकोस, आधी सावकाश हो.

दादा : चौदा दिवस?

आत्या : चौदा. का रे?

दादा : काही नाही. उन्हाची सवय नसलेल्या कामगाराला किंवा खेळाडूला उष्म्यात उतरवायचं असेल तर शरीर जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी उतरते. म्हणून काम रोज थोडं थोडं वाढवायचं असा आमचा नियम. आकडा जुळला म्हणून वाग्भटाला हे शरीरशास्त्र ठाऊक होतं, असं मी म्हणणार नाही. पण त्यानं माणसं नीट पाहिली असणार, एवढं म्हणेन.

आत्या : माझ्या दृष्टीनं तेवढं पुरे. आणखी ऐक. व्यायाम किती करावा? थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीनं. बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी. म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात बारा-बारा सूर्यनमस्कारांचे फेरे घालून घामाघूम होणं वाग्भटालाच मंजूर नाही. आणि अर्धी शक्ती ओळखायची कशी? कपाळ, नाक, काखा यांना घाम आला, तोंड कोरडं पडायला लागलं, की थांब.

दादा : आम्ही सांगतो, चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. गाता येत असेल तर कमी पडतंय, बोलता येत नसेल तर जास्त होतंय. बहुतेकांना तेवढं पुरतं. म्हणजे तुझा वाग्भट आणि माझं पाठ्यपुस्तक एकाच कट्ट्यावर बसलेत म्हणायचं.

आत्या : कट्टा एकच असू दे, पण पाठीला पाठ लावून. कारण तू दोष मानत नाहीस.

दादा : नाहीच मानत. वात-पित्त-कफ मला मोजता येत नाहीत. आणि जे मोजता येत नाही त्याच्या नावानं कुणी रुग्णाचं औषध तोडलं तर मी भांडणारच. रक्तदाब वाढलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी, गरोदर बायकांनी जोरात कपालभाती करायची नाही. काचबिंदूवाल्यानं शीर्षासन तर मुळीच नाही, डोळ्यातला दाब जवळपास दुप्पट होतो. ऋतू कुठलाही असो.

आत्या : यावर आपलं एकमत आहे, राजा. भांडण फक्त नावाचं आहे.

दादा : नाही आत्या, नावाचं नाही. तू म्हणतेस ऋतू शरीर बदलतो म्हणून साधना बदल. मी म्हणतो, रोज अर्धा तास तेच कर पण सोडू नकोस. ऋतूचं निमित्त झालं की लोक सोडतात. 'थंडी आहे, पहाटे नको', 'उन्हाळा आहे, जमत नाही', 'पाऊस आहे, सर्दी होईल'. वर्षात उरले किती दिवस?

या प्रश्नावर आत्यानं लगेच उत्तर दिलं नाही. भावानं एवढा थेट वार केलेला मला आवडला, कारण तो माझ्यावरही होता.

आत्या : वेळ बदलायची नाही, जागा बदलायची नाही. वजन बदलायचं. सहा वाजता सतरंजी पसरायची ती पसरायचीच. शरदात ऊन चढायच्या आत आवरायचं, सूर्यनमस्कार चार-सहा, सावकाश. पोटावर जोर देणाऱ्या क्रिया कमी, शवासन दहा मिनिटं जास्त. मार्गशीर्षात नमस्कार वाढवायचे, रथसप्तमीपर्यंत चढते ठेवायचे. उन्हाळ्यात पुन्हा उतरते. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी सतरंजीवर नुसतं बसायचं. तू म्हणतोस ते 'न सोडणं' यातच आहे.

दादा : आणि नुसतं बसून काय होतं?

आत्या : कळतं. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवस बसले होते मी, भर पावसात. पहिले तीन दिवस फक्त नाकातून येणारा-जाणारा श्वास पाहायचा. बाहेर धो-धो पाऊस आणि आत नाकपुडी. तिसऱ्या दिवशी मला कळलं, माझी डावी नाकपुडी सर्दीच्या दोन दिवस आधीच जड होते. तोवर 60 वर्षं हे नाक माझ्याच तोंडावर होतं!

दादा हसला. पण हसून झाल्यावर गंभीर झाला.

दादा : हे मला पटलं. दम्याच्या पेशंटला मी पीक-फ्लो मीटर देतो. जोरात फुंकायचं, आकडा लिहायचा. त्रास जाणवायच्या आधी बऱ्याचदा आकडा घसरतो. तुझं ध्यान तेच काम करत असेल, पण आकड्याशिवाय. मात्र मन उदास आहे, झोप उडालीय, जगावंसं वाटत नाही, अशा माणसाला 'ऋतू बदलतोय, श्वास पाहा' म्हणून घरी पाठवू नकोस. त्याला डॉक्टरकडे पाठव.

आत्या : पाठवतेच. टोरांटोच्या आपल्या सुमीलाही तेच म्हटलं. नोव्हेंबर आला की तिचा आवाज फोनवरच खाली येतो.

दादा : तिचं प्रकरण वेगळं. आपल्याकडे पुण्यात सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आतबाहेर आणि लहान 11 तासांचा. टोरांटोत साडेपंधरा तासांवरून नऊ तासांच्याही खाली. अशा ठिकाणी हिवाळ्यातलं नैराश्य ही खरी, नाव असलेली व्याधी आहे. 1984 साली तिचं वर्णन झालं. तिथले डॉक्टर सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात.

आत्या : म्हणजे सूर्यासमोर बसवतात. सूर्य नसला तर दिव्यासमोर. औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा प्रचार करण्यात उभी हयात घालवली, त्यांना हे सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

दादा : तिला नमस्कार घालू दे, पण दिव्यासमोर. आणि तिथल्या डॉक्टरचा नंबर घेऊन ठेव.

आत्यानं मोबाइल काढून तिथल्या तिथे सुमीला निरोप लिहिला. तिच्या यादीत दिवा पहिला, डॉक्टर दुसरा आणि सूर्यनमस्कार तिसरा होते. दादानं यादीकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. आमच्या घरात हे मोठ्या सहमतीचं लक्षण आहे.

चार वाजता मी विचारलं, "मग मी नेमकं काय करू?" दोघं एकदम बोलू लागले, म्हणून मी वही आणली आणि दोघांचं वेगवेगळ्या रकान्यांत लिहून घेतलं. दादाच्या रकान्यात : नाकातला स्प्रे आणि औषध वेळेवर, गादीला हवा न झिरपणारी खोळ, गादी बडवायचं काम दुसऱ्याकडे, शिंका आणि झोप यांची रोजची नोंद, त्रास वाढला तर दोन दिवसांत फोन. आत्याच्या रकान्यात : सहा वाजता सतरंजी, उकळलेल्या पाण्याची नेती आठवड्यातून तीनदा, चार सावकाश नमस्कार, भ्रामरीची सात आवर्तनं, शवासन, आणि शेवटी दहा मिनिटं नाकाशी श्वास. चौदा दिवस यात काही वाढवायचं नाही. पंधराव्या दिवशी वही दोघांसमोर ठेवायची.

त्यातला एकही रकाना दुसऱ्याला खोडत नव्हता. वाद होता तो रकान्यांच्या वरच्या ओळीचा, म्हणजे 'कारण' या शब्दाचा. तो त्या दिवशी मिटला नाही आणि मिटायलाच हवा असंही नाही. कारणांचा वाद अभ्यासकांनी चालवावा. पण आपल्यासारख्यांनी त्या वादात कुणा एकाची बाजू घेण्याच्या नादात दुसऱ्याची चांगली सवय टाकून देऊ नये. दम्याचा पंप आणि सकाळची सतरंजी एका पिशवीत मावतात.

ऋतू पालटतो तेव्हा आपल्याला काहीतरी नवं सुरू करायची घाई होते : नवा वर्ग, नवी आसनं, नवा काढा. त्या गच्चीवर दोन्ही शास्त्रांनी मिळून सांगितलं ते याच्या उलट होतं. चौदा दिवस कमी करा, सावकाश करा, रोज करा, आणि लिहून ठेवा. तब्येतीची जुनी तक्रार असेल तर आधी डॉक्टरला विचारा आणि औषध स्वतःच्या मनानं थांबवू नका.

दव पडायच्या आत, पाच वाजता आम्ही गाद्या खाली आणल्या. दोन टोकं दादानं धरली, दोन मी. आत्या पुढं जिन्याचा दिवा लावायला गेली.